आपणहून चालू होणारं अ‍ॅप

माझ्या धाकट्या दिरासारखा चिवट माणूस अख्ख्या सिंधुदुर्गात शोधून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्याच्या घरच्यांचं देव भलं करो! बंद पडलेली वस्तू भावजींच्या मते कधी बंद पडलेली नसतेच. ती बिचारी काहीतरी सांगत असते आणि आपण बहिरे असतो. पुण्याच्या कंपनीतून बिनपगारी रजा काढून ते गावी आले, ते आमच्या होमस्टेच्या बुकिंगचं अ‍ॅप बनवायला. "अ‍ॅप माझ्याशिवाय चालाक लागला, की मी पुण्याक जातलंय," असं त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. सासूबाईंनी त्या दिवसापासून अ‍ॅपशी वैर धरलं.

अ‍ॅप सुरू झालं नाही, की पडद्यावर लाल अक्षरांच्या ओळीच्या ओळी धावायच्या आणि मी भावजींना हाका मारायचे. भावजी मात्र मांडी ठोकून दारातल्या ओट्यावर बसायचे आणि तो सगळा मजकूर वरपासून खणखणीत आवाजात वाचायचे. मी शेवटची ओळ दाखवली की हात झटकायचे. "वैनी, शेवटी रडता तो मोठ्यान रडता इतक्याच. पयलो कोण रडलो, तां बघूक व्हया." मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची, पुन्हा सुरू करायचं, पुन्हा वाचायचं. मध्ये कुणी "काल तर चालत होतं" म्हणालं, की त्याला चहा करायला पाठवलं जाई. आणि त्यांचा ठरलेला प्रश्न, "शेवटचा बरा चालला, तेच्यानंतर काय बदलला?" हा प्रश्न त्यांनी मिक्सरला विचारला, पंपाला विचारला. एकदा बांगड्याचं सार बिघडलं तर सासूबाईंना विचारला. मग नवी कोकमं की नवी तिरफळं, हे ठरेपर्यंत रोज एकेक जिन्नस बदलून आम्हाला तेच सार खाऊ घातलं. मला तर स्वप्नातसुद्धा बांगडे दिसायला लागले होते. सासूबाईंच्या गुडघ्यासाठी कुडाळला गेलो, तिथेही गप्प बसतील तर शपथ! "डॉक्टर, गुडघा शेवटचा नीट चालत होता, त्यानंतर काय बदललं?" डॉक्टर चष्मा काढून म्हणाले, "वय."

नाताळच्या सुट्टीचं बुकिंग उघडायचं होतं आणि नेमकी त्याच्या तोंडावर गावपळण आली. देवाचा कौल मिळाला की आमचा अख्खा गाव गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर झोपड्या बांधून राहतो. मागे गावात दिवासुद्धा ठेवायचा नाही. भावजींनीही अ‍ॅपचा कॉम्प्युटर, माहिती साठवायचा दुसरा कॉम्प्युटर आणि राउटर असं सगळं रीतसर बंद केलं. परतायचा कौल मिळाल्यावर घरी येऊन सगळं लावलं, तर अ‍ॅप काही केल्या उठेना. नाताळ हुकला की आमचं वर्ष हुकलं! मी रडकुंडीला आले होते आणि सासूबाईंचा चेहरा मात्र उजळला होता. "ऱ्हवांदे रे, म्हयनोभर आणखी ऱ्हव," म्हणत त्यांनी आंबोळ्यांचं पीठसुद्धा भिजवलं.

भावजी ओट्यावर बसून वाचू लागले. अ‍ॅप माहितीच्या कॉम्प्युटरला हाका मारत होतं आणि तिथे कुणीच 'ओ' देत नव्हतं. "शेवटचा बरा चालला, तेच्यानंतर काय बदलला?"

"बदलतला काय?" सासूबाई आतून म्हणाल्या. "आमी गाव सोडून गेलो नि परत इलो."

भावजी ताडकन उठले. "आये, तूच सांगलंस!" गावाबरोबर कॉम्प्युटरही झोपले होते. परत उठल्यावर राउटरने त्यांना एकमेकांना शोधायचे नवे पत्ते वाटले, आणि अ‍ॅपच्या सेटिंगच्या फायलीत मात्र जुनाच पत्ता होता. एका ओळीची दुरुस्ती आणि अ‍ॅप सुरू! पण तेवढ्यावर थांबतील तर ते भावजी कसले? त्यांनी तो पत्ता कायमचा बांधून टाकला. वीज गेली आणि आली, तर आधी माहितीचा कॉम्प्युटर आणि मग अ‍ॅप आपणहून उठेल अशी सोय केली, आणि मेन स्विच खालीवर करून खात्री करून घेतली. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या आठवड्यातच आम्ही भावजींना कुडाळ स्टेशनवर सोडून आलो.

नाताळात एकही खोली रिकामी राहिली नाही. तेव्हापासून सासूबाई रोज सकाळी विचारतात, "आज काय बिघडला काय गो?" मी नाही म्हणते आणि त्या "बरा" म्हणतात. परवा मात्र राउटरकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ती वायर जरा काढून बघ गो."

"कायतरीच काय, आई!" मी म्हटलं खरं, पण मेन स्विचकडे हात माझाच गेला. खटकन तो खाली केला. थोडं थांबून मी स्विच वर केला. दोघी पडद्यासमोर उभ्या राहिलो. आधी माहितीचा कॉम्प्युटर उठला, मग अ‍ॅप. लाल ओळ एकसुद्धा नाही.

"मेल्यान एक चूक ठेवक नाय गो," म्हणून सासूबाई ओट्यावर भावजींच्या जागी जाऊन बसल्या, आणि मला भावजींची अशी आठवण आली की काय सांगू!