चायनाटाऊनमधली ओटी

जयपूरच्या आमच्या मराठी मंडळात बँकेतून निवृत्त झालेली माणसं फार. चार जण चहाला जमले की किस्से निघायचेच! पण आम्ही जपानची सहल करून आलो आणि बाकीचे सगळे किस्से मागे पडले. त्यातही योकोहामाचं ते जुनं चायनाटाऊन! तिथे घातलेला गोंधळ आम्हाला अजून निस्तरता आलेला नाही.

*

कमानीपाशीच आपटेकाकांनी गाइडला गाठलं. "आपण जपानमध्येच आहोत ना?"

"हो."

"मग ही कमान?"

"चिनी."

"आणि तो दुकानदार?"

"त्याचे आजोबा चिनी, आई जपानी."

काका जयपूरच्या सोडाला भागातल्या बँकेच्या शाखेत मॅनेजर होते. म्हणाले, "जॉइंट अकाउंट आहे म्हणा की!"

*

जेवायला नूडल्सचा वाडगा आला. गाइडमार्फत काकांनी चौकशी केली, "हे चिनी की जपानी?"

चिनी हॉटेलवाला म्हणाला, "जपानी." शेजारच्या टेबलावरच्या जपानी बाई म्हणाल्या, "छे, चिनी!" दोघंही हसत होते, आम्हाला काही कळेना.

शेवटी काकांनी एक घास खाऊन निकाल दिला, "चायनीज तर मुळीच नाही. जयपूरला झोटवाड्याच्या गाडीवर खाल्लंय मी!"

*

आपटेकाकूंनी एक पंखा निवडला, "बहुत ज़्यादा है भैया" म्हणाल्या आणि जयपूरच्या सवयीने चालू लागल्या. आता मागून हाक येणार! दुकानदाराने कमरेत वाकून नमस्कार केला आणि तो आत निघून गेला.

काकू कोपऱ्यापर्यंत रेंगाळल्या. "अगं, हा बोलवत का नाही? राग आला का त्याला?"

*

वरवर हसत होत्या, पण काकूंचा जीव टांगणीला लागला होता. मुलगा मालवाहू जहाजावर. समुद्रात वादळ झालेलं आणि आठवडाभर त्याचा फोन नाही. इथे समुद्राच्या देवीचं देऊळ आहे असं गाइड म्हणाला मात्र, काकूंनी पर्समधून खण आणि खोबऱ्याची वाटी काढली. दिसलं त्या पहिल्या देवळात शिरल्या, डोळे मिटून नवस बोलल्या, ओटी भरली. डोळे उघडले तर समोर लाल चेहऱ्याचा, छातीपर्यंत दाढी असलेला योद्धा! देवीचं देऊळ पलीकडच्या गल्लीत होतं.

"अगं बाई! पुरुषाची ओटी भरली मी!"

काका म्हणाले, "असू दे. देव भावाचा भुकेला."

"भावाचं ठीक आहे हो, पण खणाचं काय करतील ते?"

तेवढ्यात फोन वाजला. "आई, बंदरात पोचलो. मी बरा आहे." काकू तिथेच पायरीवर बसून रडल्या. आमचेही डोळे भरून आले. मग देवीलाही जाऊन आलो, पण नेमकं पावलं कोण, हे कुणालाच सांगता येईना.

परवा काकूंकडे चैत्रातलं हळदीकुंकू होतं. देव्हाऱ्यात अन्नपूर्णेशेजारी दाढीवाल्यांची तसबीर, तिलाही मोगऱ्याचा हार. नव्यानेच जयपूरला आलेल्या एका बाईंनी बिचकत विचारलं, "हे कोण हो?"

काकूंनी त्यांच्या हातात पन्हं दिलं आणि म्हणाल्या, "मूळचे चीनचे. बदली होऊन जपानला आले."