ठसेवाले

चहाचा ग्लास ते काठाला दोन बोटांनी धरायचे. टपरीवाला वैतागायचा, साहेब, धुतलाय हो. त्यावर हे गंभीरपणे म्हणायचे, "धुतलाय म्हनून तर. उगा कशाला खराब करू?" पोलिसांत बोटांचे ठसे घेण्यात जन्म गेलेला. आम्ही त्यांना ठसेवालेच म्हणायचो. आता ते नाहीत.

माझा श्रीरामपुरात फोटो स्टुडिओ आहे. बेवारस प्रेत सापडलं की पोलीस मला बोलवायचे. तुम्ही नाक मुरडाल; मीही मुरडायचो. फोटो उरकून लांब जाऊन उभा राहायचो. ठसेवाले मात्र मेलेल्याचा हात हातात घेऊन आधी बोलायचे, "घाबरू नका पाव्हनं, नाव तेवढं सांगा." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू फुटलं होतं.

चहावर त्यांची एकच गोष्ट. ठशांची वर्गवारी कलकत्त्याच्या दोन देशी फौजदारांनी बसवली, जगभर तीच चालली, आणि नाव लागलं त्यांच्या गोऱ्या साहेबाचं. सांगताना दरवेळी नव्याने चिडायचे, जसं काही काल त्यांच्याच ऑफिसात घडलंय. त्या दोघांची नावं आमच्याकडून पाठ करून घ्यायचे. चुकलो की चहा आमच्या माथी.

त्यांचा एकुलता एक मुलगा नोकरीवरून बापाशी भांडून घरातून गेला, तो गेलाच. तेव्हापासून नदीत, कालव्यात, रुळावर कुठेही तरुण प्रेत सापडलं की हे रजेवर असले तरी हजर. आपला नाही हे कळलं की आनंद व्हायचा, आणि त्या आनंदाची लाज वाटायची. हे त्यांनीच मला सांगितलं.

मग कोपरगावला गोदावरीत एक प्रेत सापडलं. सरकारी दवाखान्यात गेलो. चेहरा राहिला नव्हता, बोटांची कातडीही सुटत होती. अशा वेळी ती कातडी स्वतःच्या हातमोज्यावर चढवून ठसा घ्यावा लागतो. त्यांनी अंगठ्याची चढवली, शाई लावली, कागदावर दाबली आणि भिंग धरलं.

भिंग हलेना.

"आडवा वण हाय," ते म्हणाले. "इळ्यानं कापलं हुतं. मीच टाके घालून आनलं हुतं त्याला."

सोबतच्या हवालदाराचे डोळे भरले. म्हणाला, साहेब, तुम्ही उठा, नगरहून दुसरा माणूस बोलावतो.

"बाकीची बोटं ऱ्हायलीत," ते म्हणाले.

एकेका बोटाची कातडी त्यांनी स्वतःच्या बोटावर चढवली आणि ठसे घेतले. एकही ठसा फिसकटला नाही. मी फोटो काढायचे विसरून गेलो होतो, आणि रडत होतो हेही मला नंतर कळलं. शेवटी करंगळी झाली. ती मात्र त्यांनी उतरवली नाही. दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून ते बाकावर बसून राहिले, आणि त्यांना पुन्हा उठा म्हणायची आमच्यातल्या कुणाची छाती झाली नाही.