स्वतःच्या शब्दांत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पनवेलच्या शाळेत सातवीला मराठी शिकवताना ‘स्वतःच्या शब्दांत सांगा’ या प्रश्नाचं उत्तरसुद्धा मी फळ्यावर लिहून द्यायचो. मुलं उतरवून घ्यायची. निकाल चांगला लागायचा.

एकदा कोन गावाकडच्या वीटभट्टीवरची एक बाई सातवीतल्या आपल्या मुलीला घेऊन आली. खुर्ची दिली, तरी दाराशी उकिडवी बसली. पदराच्या गाठीतून तिने एक नोटीस काढली आणि गुडघ्यावर ठेवून तळहाताने सपाट केली. जातीच्या दाखल्यांच्या शिबिराची नोटीस होती. तारीख उलटून गेली होती.

“वाच,” ती मुलीला म्हणाली.

मुलीने खणखणीत वाचली. एकही जोडाक्षर चुकलं नाही.

“आता सांग, काय लिवलंय?”

मुलगी माझ्याकडे पाहत राहिली. मी उत्तर सांगेन, असं तिला वाटलं असावं.

“घरी बी तीनदा वाचली, गुरुजी,” बाई म्हणाली. “आमी सगली आयकत बसलो. वाचते ग्वाड. पन कुटं जायाचं, कवा जायाचं, कुनाला कललंच नाय.”

मी म्हणालो, “तिचं वर्गात लक्ष नसतं.”

बाईने मान डोलावली. नोटिशीची घडी घालून पुन्हा गाठीत बांधली आणि मुलीला म्हणाली, “मंग चल, भट्टीवर तरी लक्ष दे.”

मुलगी पुन्हा शाळेत आली नाही. मी आता फळ्यावर उत्तरं लिहीत नाही. पण तिचं लक्ष होतं, चूक माझी होती, हे त्या बाईला जाऊन सांगणं अजून बाकी आहे.