मुत्तूच्या हुबळीच्या खेपा

कस्तुरीचं बाळंतपण तसं सुखरूप पार पडलं. मुलगा झाला म्हणून तिचा नवरा फक्कीरेश ब्याडगीच्या दवाखान्यात पेढ्यांचा पुडा घेऊन दारोदार फिरत होता, तेवढ्यात बाळाला पुसणारी नर्स एकदम थांबली. तिनं बाळाला पालथं केलं, पुन्हा उताणं केलं आणि डॉक्टरांना हाक मारली. बाळाला शौचाची जागाच नव्हती. तिथं नुसती सपाट कातडी होती.

त्याच दिवशी गाडीतून हुबळीच्या मोठ्या इस्पितळात नेलं. सर्जननं पोटाच्या डाव्या अंगाला भोक पाडून आतड्याचं तोंड बाहेर काढलं. "हा तात्पुरता रस्ता," ते म्हणाले. "बाळानं बाळसं धरलं की खाली खरा रस्ता करू. तो नीट झाला की हा बंद करू. तोवर दर बुधवारी दाखवायला आणायचं."

कस्तुरीनं मान हलवली, पण तिच्या डोळ्यांसमोर बाळाच्या पोटावरचं ते लालभडक, ओलं, डाळिंबाच्या फुलासारखं तोंडच होतं. त्यातून केव्हाही, कसंही, थोडं थोडं बाहेर येत राही. त्याला वेळ नाही नि काळ नाही. चिकटवायची पिशवी दिली होती, पण एवढ्याशा पोटावर ती धड बसेना. वॉर्डातल्या फिलोमिना सिस्टरनं शेवटी पिशवी बाजूला टाकली आणि विचारलं, "घरात जुनी सुती लुगडी आहेत ना? फाड. घडी कर, वर ठेव, पट्टी बांध. भरली की बदल. त्या लाल तोंडाला दुखत नाही, भोवतालच्या कातडीला दुखतं. ती कोरडी ठेव, बाकी देव बघेल."

कस्तुरीच्या सासूनं, द्यामव्वानं, आपली लुगडी एकामागून एक फाडली. बारसं कसंबसं उरकलं. नाव ठेवलं मुत्तू. मग बुधवार सुरू झाले.

भाकरी बांधून घ्यायची, धुतलेल्या फडक्यांचं गाठोडं एका हातात, पोर दुसऱ्या हातात. हावेरीला बस बदलायची. हुबळीत रांगेत बसायचं. नंबर लागला की डॉक्टर बाळाचं पोट दाबत, वजन बघत आणि म्हणत, "अजून थोडं भरू दे. पुढच्या बुधवारी या." एवढ्यासाठी अख्खा दिवस. एकदा वजन भरलं, तर खोकला झाला. खोकला गेला, तर सर्जन गावाला गेले. फक्कीरेश बाजारात हमाल, हंगाम भरात, त्याला सुट्टी नाही. कस्तुरी एकटीच जायची.

बसमध्ये वास सुटला की माणसं खिडक्या उघडत. एक बाई तर तोंडाला पदर लावून म्हणाली, "अगं ए, पोराचा लंगोट तरी बदल! सगळ्या गाडीला काय शिक्षा?" पहिल्या खेपांना कस्तुरी समजावून सांगायची. पुढं पुढं ती नुसतं "हो अक्का, बदलते" म्हणायची आणि बाहेर बघत राहायची.

अशात मुत्तूच्या पोटाची कातडी सोलवटली. फडकं बदलताना तो असा किंचाळायचा, की कस्तुरी पट्टी अर्धवट सोडून त्याला छातीशी धरायची. फिलोमिना सिस्टरनं पोट पाहिलं, मग कस्तुरीकडं पाहिलं.

"पोराला हात कोण कोण लावतं?"

"मी आणि आत्ती."

"सासू करते काय?"

"ब्याडगीत आणखी काय करणार? मिरचीची देठं खुडतात."

"आणि नवरा?"

"मिरचीचीच पोती उचलतो."

सिस्टरनं कपाळावर हात मारला. "अगं, हात धुतले तरी मिरची जाते का? त्या हातानं कच्च्या कातडीला शिवल्यावर पोर ओरडेल नाही तर काय ओव्या गाईल?"

घरी येऊन कस्तुरीनं भीतभीत सांगितलं. द्यामव्वाचा चेहरा पडला. "म्हणजे मी माझ्या नातवाला जाळलं म्हण की."

"तसं नाही, आत्ती—"

"तसंच. ह्याच हातांनी तुझा नवरा वाढवला. त्याची कातडी नाही गळाली ती!"

त्या दिवसापासून द्यामव्वानं पोराला हात लावला नाही. दुरूनच बघायची, रडला की उठून बाहेर जायची. सगळं कस्तुरीवर आलं. पाजायचं, पुसायचं, फडकी उकळायची, वाळवायची, आणि बुधवार आला की निघायचं. तिला बसल्या बसल्या डुलकी लागायची, घास तोंडात तसाच राहायचा.

एका बुधवारी ती हावेरीच्या स्टँडवर बाकावर बसली होती. हुबळीची बस लागली. कंडक्टर ओरडत होता, माणसं चढत होती. कस्तुरीला कळत होतं, की उठायला हवं. ती उठली नाही. बस गेली, दुसरी आली, तीही गेली. मुत्तू मांडीवर झोपला होता. तिनं समोरच्या गाड्यावरून चुरमुऱ्यांचं गिरमिट घेतलं, सावकाश चावून खाल्लं, वर चहा प्यायला आणि ब्याडगीच्या बसमध्ये बसून परत आली.

संध्याकाळी फक्कीरेशनं विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"गेले नाही."

"गेले नाही म्हणजे?"

"हावेरीत बसले. गिरमिट खाल्लं. आले परत."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? पोराच्या जिवाशी खेळतेस!"

कस्तुरीला रडूही आलं नाही. चुलीपुढून द्यामव्वाच कडाडली, "गप रे! तू किती बुधवार गेलास? पोती उचलून तुझे खांदे दुखतात, मग हिचे काय लाकडाचे आहेत?"

दुसऱ्या दिवशी द्यामव्वा कामाला गेलीच नाही. बोळातून शेजारणीनं हाक मारली, "द्यामव्वा, ऐन हंगामात घरी बसलीस?"

"हात धुतेय."

"धुवून ये की मग!"

"एवढ्यात उतरायचं नाही ते. जन्माचं आहे."

तिनं हातांना तेल चोळलं, ताक चोळलं, नखं मुळापासून कापली. रोज सकाळी स्वतःच्याच डोळ्याच्या कोपऱ्यात बोट फिरवून बघायची आणि पदरानं डोळा पुसत बसायची. मग एके सकाळी डोळा चुरचुरला नाही. ती उठली, मुत्तूला उचललं आणि त्याचं फडकं बदललं. तो रडला नाही.

पुढच्या बुधवारी तीही निघाली. बसमध्ये मागून कुणीतरी कुरकुरलं. द्यामव्वानं मान वळवली. "माझ्या नातवाचं पोटावर आहे, बाई, तुझं जिभेवर. त्याचं डॉक्टर बंद करतील. तुझं कोण करणार?" गाडी हसली. कस्तुरीला ते ऐकूच गेलं नाही. खिडकीला डोकं टेकून ती झोपली होती.

पावसाळ्याच्या आत खालचं ऑपरेशन झालं. पण नवी वाट आक्रसू नये म्हणून घरी रोज त्यात गुळगुळीत सळी घालायची होती, आणि ते आईनंच करायचं होतं. द्यामव्वा तोंड फिरवून पाय धरायची, पोर आकांत करायचं, फक्कीरेश चप्पल न घालताच बाहेर निघून जायचा. कस्तुरी ओठ दाबून करायची. एके दिवशी फक्कीरेश बाहेर गेला नाही. राखेनं, साबणानं हात घासून आला आणि म्हणाला, "अव्वा, सर. पाय मी धरतो."

थंडीत पोटावरचं तोंड बंद झालं. त्यानंतर वॉर्डात सासू-सून नुसत्या वाट बघत बसल्या. सिस्टर येता-जाता विचारायची, "झालं का गं?" कस्तुरी नकारार्थी मान हलवायची. मग एका सकाळी तिच्या मांडीला ऊब लागली. तिनं दुपटं उघडून पाहिलं आणि "आत्ती!" म्हणून ओरडली. द्यामव्वानं तिथंच नातवावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

फक्कीरेशला फोन लावला. "काय झालं?" तो घाबरून म्हणाला.

"शी झाली."

"शी झाली?" तो भर बाजारात ओरडला, आणि पोती टाकून हमाल हसायला लागले.

डॉक्टरांनी मात्र बजावलं, की एवढ्यानं संपत नाही. ह्या मुलांना पोट साफ ठेवायला बरीच वर्षं जपावं लागतं. आता दर बुधवारी नको, महिन्यातून एकदा या.

कस्तुरीनं मान हलवली. आपल्याला आनंदानं रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण नुसता थकवा आला, हाडांतून निथळल्यासारखा. घरी पोचल्यावर तिनं मुत्तूला सासूच्या हातात दिलं, चटई टाकली आणि भर दुपारी आडवी झाली. शेजारणी पोराला बघायला आल्या, तेव्हा द्यामव्वानं त्यांना उंबऱ्यावरच थोपवलं. "पोर बघायचं तर बाहेर बघा. आत सून झोपलीय."