झाकणावरचं नाव

माझा उजवीकडचा एक दात खोटा आहे. कुणी विचारलं तर मी न्हाणीघरात घसरले म्हणून सांगते. खरं म्हणजे तो एका माणसाने बुक्की मारून पाडला, सकाळी साडेदहाला, आमच्या प्रसूतिगृहातल्या एका लोखंडी कपाटासमोर. त्याचा हात त्या कामाला जितका जबाबदार होता, तितकीच आदल्या दिवशीची माझी जीभही होती.

कोल्हापुरातल्या ज्या गल्लीत घरांपेक्षा दवाखाने जास्त आहेत, तिथल्या एका लहान प्रसूतिगृहात मी बावीस वर्षं सिस्टर होते. मला बोलायला लागतं. काउंटरशी माणूस आला की "कुठलं गाव, पावणं?" विचारल्याशिवाय माझ्या घशाखाली चहा उतरत नाही. गाव कळलं की भावकी, भावकी कळली की ऊस कुठल्या कारखान्याला घातला, इथपर्यंत मी जाते. पेशंट खूश असायचे. मॅडम मात्र म्हणायच्या, "तुझ्या तोंडाला एक कुलूप बसवायला हवं, त्या कपाटासारखं."

मॅडम म्हणजे आमच्या डॉक्टरीणबाई. वय सत्तर, केस पांढरेशुभ्र, बोलणं सडेतोड. आणि कपाट म्हणजे त्यांच्या खोलीतलं लोखंडी कपाट. त्यात गर्भपाताचं रजिस्टर असायचं आणि त्याची किल्ली माझ्या कमरेला. बाईचं नाव फक्त त्या एका वहीत लिहायचं. बाकी केसपेपर असो, औषधांची नोंद असो, सगळीकडे नुसता नंबर. तिची संमती पाकिटात घालून चिकटवायची आणि वर 'गुप्त' लिहायचं. हे नियम सरकारचेच आहेत. गल्लीतले कितीतरी दवाखाने मात्र वर नवऱ्याची सहीसुद्धा मागायचे, उगाच नंतर डोक्याला ताप नको म्हणून. मॅडम मागत नसत. "बाई अठरा वर्षांवरची असली की तिची एकटीची सही पुरे, असं कायदा म्हणतो. मग मी कोण दुसरी सही मागणारी?"

एकाहत्तर साली कायदा झाला तेव्हा मॅडम कॉलेजात होत्या. त्याआधी इंग्रजांच्या कलमाने गर्भ पाडणारा तर गुन्हेगार होताच, पण पाडून घेणारी बाईही. कायदा आल्यावरही कितीतरी वर्षं बायका आत मुळ्या, काड्या घालून घेऊन यायच्या, ताप फणफणलेल्या, आणि मॅडमच्या हातात मरायच्या. "एक लक्षात ठेव," त्या मला म्हणायच्या, "या कायद्याने बाईला हक्क दिलेला नाही, डॉक्टरला शिक्षेतून सूट दिली. बाईने अजून आम्हाला कारण पटवायचं असतं." पुढे दिल्लीतल्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा मॅडमनी त्या दिवशीचा पेपर कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. नंतर कायदाही बदलला. 'नवरा' या शब्दाच्या जागी 'जोडीदार' आला, आणि बाईचं नाव फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद आली. मॅडमनी ते मला वाचून दाखवलं. मी हसत म्हटलं, "म्हणजे बोलणार मी आणि जेलात तुम्ही." कसली अवदसा आठवली होती मला, कोण जाणे.

त्यानंतर वर्षभरातली गोष्ट. ती कागलच्या बाजूने आली. पंचविशीची, हडकुळी, दोन मुलींची आई. बचत गटाच्या मीटिंगला जाते असं सांगून एकटीच एसटीने आली होती. आठ आठवडे झाले होते. तपासायला झोपवलं तेव्हा पाठीवर पट्ट्याचे वळ दिसले, काही काळे, काही ताजे. मॅडमनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पोरगा पायजे म्हणून मारतो. दोनदा पोरगी झाली म्हणून मारतो. आता आणि एक जीव त्याच्या हाताखाली द्यायचा न्हाय मला." मॅडमनी पुढे एक शब्द विचारला नाही. सही घेतली, पाकीट चिकटवलं, पहिली गोळी दिली. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, दुसऱ्या गोळ्या घेऊन चार तास पडदा ओढलेल्या कॉटवर पडून राहिली. दुपारी उठून, तोंड धुऊन गेली. जाताना मला म्हणाली, "सिस्टर, फोन करू नगासा. मीच करीन."

ती जाऊन तास झाला नसेल, एवढ्यात एक म्हातारा आला. पांढरी टोपी, पांढरं धोतर, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत स्टीलचा डबा. आता आमच्याकडची रीत सांगते. दवाखान्यात डबा घेऊन आलेल्या माणसाला कुणी अडवत नाही. वॉचमन उठून वाट देतो, लिफ्टवाला आधी आत घेतो. डबा हाच त्याचा पास. डबा म्हणजे माया, डबा म्हणजे घरचं माणूस, असं आम्ही धरूनच चालतो.

म्हाताऱ्याने डबा काउंटरवर ठेवला. "सिस्टर, आमच्या सूनबाई हितं आल्यात न्हवं? सकाळधरनं उपाशी हाईत. मला चष्म्याबिगर वाचता येत न्हाय, पर झाकणावर नाव हाय बघा त्यांचं."

झाकणावर तिचं नाव खरंच कोरलेलं होतं, लग्नात माहेरच्यांनी दिलेल्या भांड्यांवर टिंबाटिंबांनी कोरतात तसं. खाली 'आईवडिलांकडून भेट'. सकाळपासून डोक्यात असलेलं नाव डोळ्यांपुढे आलं आणि माझी जीभ सैल सुटली.

"अगं बाई, आत्ताच गेल्या की, मामा! तास झाला. दोन दिवस रक्त जास्त जाईल, घाबरू नका. आठ दिवस जड काही उचलू देऊ नका. आणि पंधरा दिवसांनी परत दाखवायला आणा."

मी सगळं सांगितलं. घरच्या माणसाला सांगतात तसं, हसून, सविस्तर. म्हातारा मान डोलावत होता. "लई बरं झालं सांगितलासा," म्हणाला आणि गेला. डबा तिथेच राहिला. मी हाक मारायला म्हणून उचलला तर हाताला हलका लागला. झाकण काढलं. आत काही नव्हतं. भाकरीचा तुकडा नाही, भाजीचा वास नाही, कोरडा ठणठणीत.

मी गल्लीच्या तोंडापर्यंत धावले. तो दिसला नाही. पानाच्या टपरीवाला म्हणाला, मघापासून हा म्हातारा तोच डबा घेऊन तीन दवाखान्यांत जाऊन आला. तिथल्या सिस्टरनी 'असं कुणी नाही' म्हणून वाटेला लावला. चौथा दवाखाना आमचा.

तरी मी मॅडमना सांगितलं नाही. म्हातारं माणूस, घाईत रिकामा डबा उचलून आलं असेल, अशी मनाची समजूत घातली आणि डबा टेबलाखाली सारला. भित्री होते मी. त्या दिवसाबद्दल मला दुसरा शब्द सापडत नाही.

सकाळी जीपमधून सात-आठ जण आले. आधी बोर्डावर दगड आला, मग काउंटरची काच फुटली. वॉचमनला त्यांनी पायरीवर पाडून लाथा घातल्या. बाळंत झालेली एक पोर कॉटखाली बाळ घेऊन शिरली. "आमचा वंशाचा दिवा इझवला! आमचा पोरगा मारला!" असा एकच गलका. आठ आठवड्यांचा गर्भ चवळीच्या दाण्याएवढा. तो मुलगा की मुलगी हे देवालाही सांगता आलं नसतं, पण यांच्यात त्याचं बारसंच काय, लग्नसुद्धा ठरून गेलेलं दिसत होतं.

त्यांना रजिस्टर हवं होतं. तिच्या नावाचा कागद गावात दाखवायचा, मग पोलिसांत द्यायचा, म्हणजे तिला मारलं ते बरोबरच केलं असं होणार. मारलं हे तोवर मला माहीतच नव्हतं. नवराच ओरडून सांगत होता, "हात मोडलाय तिचा, आता तुमचा मोडतो!" तेव्हा मला कळलं. मी मॅडमच्या खोलीत शिरले आणि कपाटाला पाठ लावून उभी राहिले. खरं सांगायचं तर शौर्य म्हणून नाही, कपाटाचा आधार हवा होता म्हणून.

पुढे आला तो नवऱ्याचा चुलतभाऊ. धिप्पाड, हातात सोन्याचं कडं. याला मी ओळखत होते. वर्षभरापूर्वी बायकोला मोटारसायकलवरून न्यायला आला होता, पोटदुखीचं दाखवायला आलेल्या बायकोला. तिची पोटदुखी काय होती ते माझ्या पाठीमागच्या वहीत लिहिलेलं होतं. त्याला त्यातलं एक अक्षर माहीत नव्हतं.

"किल्ली दे, रांडे!"

"देणार नाही."

बुक्की बसली. तोंडात कडकन आवाज झाला आणि जीभ गरम झाली. माझ्यासारख्या बाईला त्या क्षणी काय वाटलं असेल? एक वाक्य पुरेसं होतं. 'तुझी बायकोसुद्धा याच वहीत आहे.' तो जागच्या जागी मेला असता. दात गेलेल्या माणसाला तेवढा सूड तरी मिळायला हवा की नको? पण संध्याकाळी त्या बायकोचा हात मोडला असता. तोंडात रक्त होतं आणि तिचं नावही होतं. रक्त मी त्याच्या शर्टावर थुंकले, नाव गिळलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझी जीभ वेळेवर गप्प बसली, तीही एका दिवसाने उशिरा. मग मॅडम ऑपरेशनच्या खोलीतून गाऊनसकट बाहेर आल्या, मागून पोलीस आले, जीप पळाली. वही कपाटातच राहिली.

कागलकडची ती सरकारी दवाखान्यात होती, दुपारी मी तिला बघायला गेले. डावा हात दोन ठिकाणी मोडलेला, दाराच्या अडसराने. कानातलं ओढल्यामुळे पाळी फाटलेली. सासूने केस धरले होते. थोरली सहा वर्षांची मुलगी रात्रभर उसात लपून बसली होती. माहेरहून आलेली आई उशाशी बसून लेकीलाच बोल लावत होती, "हिनंच कुणाला तरी सांगितलं असंल. बाईच्या पोटात काय ऱ्हात न्हाय." आणि ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "आई, मी कुणालाबी सांगितलं न्हाय. पोरींची आण." माझ्याकडे बघून म्हणाली, "सिस्टर, तुम्ही तरी सांगा हिला."

मी तोंडावर रुमाल धरून उभी होते. गाल सुजला होता, बोलता येत नाही असं मी हातानेच दाखवलं. खोटं होतं ते.

त्या संध्याकाळी मी डबा मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्या खूप वेळ झाकणावरचं नाव वाचत राहिल्या. शिवी देतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "कलम डॉक्टरवर लागतं. सिस्टर माझी, म्हणजे चूकही माझी. चल." आम्ही ठाण्यात गेलो. नाव न सांगता विचारलं तर फौजदार डोकं खाजवत म्हणाले, "मॅडम, गुन्हा नोंदवायचा तर त्या बाईचा जबाब लागंल. नाव, गाव, काय केलं, कधी केलं, सगळं कागदावर येणार. मग कोर्टात पुकारा. बघा बाई, तिला विचारून या."

म्हणजे तिचं नाव फोडल्याची शिक्षा घ्यायची, तर तिचं नाव पुन्हा फोडायचं. मॅडम जिना उतरताना कठड्याला धरून थांबल्या. त्यांना तसं थांबलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

तिला विचारायला मी एकटीच गेले, महिन्याने. ती मुलींना घेऊन माहेरी आजऱ्याला आली होती आणि काजूच्या कारखान्यात बी फोडायच्या कामावर लागणार होती, हात बरा झाला की. रिकामा डबा परत देऊ नये म्हणतात. मी त्यात माझ्या हातचे डिंकाचे लाडू भरून नेले. अंगणात ती एका हाताने कपडे वाळत घालत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. डबा, म्हातारा, झाकण, मी काय काय बोलले, सगळं. म्हटलं, "तू सांगशील तर कोर्टात उभी राहते मी."

तिने हातातलं पोलकं दोरीवर टाकलं. मग म्हणाली, "पोलिसांत मी काय लिवून दिलंय ठाव हाय? आमटीत मीठ जास्त झालं म्हणून मारलं. त्यांचा वकील आता म्हणतोय पोट पाडलं म्हणून मारलं. पर त्याच्याकडं कागद न्हाय. तुम्ही कोर्टात हुबं ऱ्हायलासा की तुम्हीच कागद."

आमटीत मीठ. आणि ते कारण ठाण्यात कुणालाही खोटं वाटलं नव्हतं.

मी रडायला लागले. माफी मागितली. ती म्हणाली, "सिस्टर, तुमचं तोंड लई गोड हाय. त्यानंच तर झालं."

तिने माझ्या हातातून डबा घेतला, झाकण दातांनी उघडलं, लाडू बघितले आणि एका हाताने सगळे कोंबड्यांपुढे उपडे केले. डबा नळाखाली धुतला, झाकणावरून अंगठा फिरवला आणि दोन्ही कट्ट्यावर पालथे घातले. "डबा माझ्या आईनं दिलाय. कामावर न्हीन ह्यो," म्हणाली. "तुम्ही पुन्हा हितं येऊ नगासा. आणि मी हितं हाय म्हणून कुणाला सांगू नगासा."

मी कुणाला सांगितलेलं नाही. वर मी आजरा लिहिलं आहे. तिचं माहेर आजऱ्याला नाही.