तिऱ्ह्याच्या पुलापर्यंत आलेला मुराळी

सोलापुरातल्या मजरेवाडीत बजाबाई कडक भाकरी करतात. भाकरी पापडासारखी पातळ थापायची, भाजायची, मग मंद आचेवर फडक्याने दाबत तिच्यातली ओल काढायची. शेजारच्या दानम्मा त्यांच्या जोडीला असतात. दानम्मा अक्कलकोटकडच्या. घरी कन्नड बोलतात, बजाबाईंशी मराठी, आणि राग आला की पुन्हा कन्नड. पावसाळी हवेत भाकरी लगेच मऊ पडते, त्यामुळे पाऊस लागला की दोघींना काम कमी आणि बोलायला वेळ जास्त असतो.

बजाबाई अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत. लग्न होऊन सोलापुरात आल्या त्याला चाळीस वर्षं होत आली. नवरा सिद्राम चादरीच्या कारखान्यात रखवालदार होता, आता घरी असतो. माहेर सांगोल्याच्या पलीकडच्या एका वस्तीवर आहे. तिथे मेंढरं, डाळिंबाच्या बागा आणि उन्हाळ्यात टँकर. टँकरचा हॉर्न वाजला की घागर घेऊन पळायचं, हे बजाबाईंच्या लहानपणातलं सगळ्यात ठळक आठवणारं काम. त्या गावाचा रस्ता कधी पुराने अडेल, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. रस्ता अडला होता, पण दुसऱ्याच कारणाने, आणि त्याला अकरा वर्षं झाली होती.

कारण सांगताना बजाबाई अजून थोड्या ओशाळतात. मोठा भाऊ रामहरी याच्या मुलाचं, आदिनाथचं लग्न होतं. आदिनाथ हे नाव त्याच्या बारशाला आत्या म्हणून बजाबाईंनीच ठेवलेलं. मांडवात आहेर सुरू झाले. माइकवर नाव पुकारलं की उठायचं आणि टोपी-टॉवेल, नारळ घ्यायचा. सिद्रामचं नाव पुकारलं. टॉवेल आला, नारळ आला, टोपी आली नाही. वाटणाऱ्या पोराच्या हातातला गठ्ठा संपला होता. सिद्राम खांद्यावर टॉवेल घेऊन टोपीची वाट बघत उभा राहिला आणि माइकवर पुढचं नाव पुकारलं गेलं. हातातला नारळ तिथेच ठेवून तो बायकोला म्हणाला, “चल. आता न्यायला आल्याशिवाय ह्या गावात पाय ठेवायचा न्हाय.”

रामहरीला हे जेवणाच्या पंगती उठल्यावर कळलं. “आपल्या पायानं गेल्यात, आपल्या पायानं येतील,” तो म्हणाला. हे वाक्यही मजरेवाडीला पोचलं.

सासरी नांदणाऱ्या बाईला सणासाठी माहेरी न्यायला जो येतो तो मुराळी. बहुधा भाऊ, नाहीतर भाचा. पंचमी आली, दिवाळी आली की मजरेवाडीच्या गल्लीत परगावच्या मोटारसायकली दिसतात. दारात अशी गाडी उभी असली की बजाबाई नंबराकडे बघत नाहीत. नंबरावरून गाडी कुठल्या गावची ते कळत नाही. त्या हँडलला अडकवलेली पिशवी बघतात. बाहेर निघालेला नुसता माणूस आणि बहिणीकडे आलेला भाऊ यांच्या पिशव्या वेगळ्या असतात, असं त्यांचं म्हणणं आहे. मधल्या वर्षांत रामहरी दोनदा डाळिंब घेऊन सोलापूरच्या मार्केट यार्डात येऊन गेला. मजरेवाडीला आला नाही. दोन्ही वेळा हे त्यांना दुसऱ्यांकडून कळलं. दुसऱ्यांदा कळलं तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “दादा वाळलाय का?”

या सप्टेंबरात रामहरीचा फोन आला.

“बजे, घट बसायच्या आदल्या दिवशी येतो. तयार राहा.”

“व्हय,” बजाबाई म्हणाल्या.

एवढंच बोलणं झालं. का, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित त्याला उत्तर द्यावं लागलं असतं आणि उत्तरातून पुन्हा काही निघालं असतं. पुढे आदिनाथकडून कळलं ते असं. तो टेंभुर्णीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात असतो. सुट्टीला घरी आला तेव्हा बापाला म्हणाला, “आबा, आत्याला आणा, न्हायतर मी जाऊन आणतो.” त्यावर रामहरी उसळला, “तू कोण आणणार? मुराळी मी हाय.”

बजाबाईंनी पिशवी भरली. दानम्मांनी ती उघडून बघितली. “अक्का, तीन लुगडी? कायमची निघालीस काय?”

“गप की. चार दिवस तरी ऱ्हायला लावत्यात.”

“आणि नाही लावलं तर?”

“तर मी लावून घेते,” बजाबाई म्हणाल्या. त्या दोन दिवसांत त्या जेवढ्या हसल्या तेवढ्या वर्षभरात हसल्या नसतील, असं दानम्मा सांगतात.

मग पावसाचे इशारे सुरू झाले. आधी ऑरेंज, मग रेड. सगळ्या गल्लीतले मोबाइल एकाच वेळी भोंग्यासारखे ओरडले. सीनेला वरून पाणी सोडलं जातंय, नदीकाठच्या गावांनी सावध राहावं, अत्यावश्यक काम असल्याशिवाय प्रवास टाळावा. सांगोल्याहून मंगळवेढ्यामार्गे सोलापूरला यायचं तर दोन नद्या लागतात. बेगमपूरला भीमा आणि शहराच्या अलीकडे तिऱ्ह्याला सीना. सिद्राम दुपारपासून टीव्हीसमोरून हलला नव्हता.

“सांगून टाक त्याला, येऊ नको म्हणून,” तो म्हणाला.

“तुमीच सांगा की.”

सिद्रामने टीव्हीचा आवाज कमी केला. “माज्या तोंडून ‘येऊ नका’ गेलं तर काय होईल, तुला म्हायतंय.”

अडचण खरी होती. कुठल्याही दुसऱ्या घरात ‘पाऊस आहे, येऊ नका’ याचा अर्थ पाऊस आहे, येऊ नका, एवढाच झाला असता. या घरातून ते गेलं असतं तर अकरा वर्षांचा अर्थ घेऊन गेलं असतं. रामहरीनेही स्वतः येत नाही म्हणणं शक्य नव्हतं. तो म्हणाला असता तर मजरेवाडीत कुणीतरी म्हणालंच असतं, बघा, निमित्तच पाहिजे होतं. दोन्ही घरांना पावसाचा अंदाज माहीत होता, आणि तोच नेमका बोलता येत नव्हता.

संध्याकाळी बजाबाईंनी फोन लावला. दानम्मा समोर बसल्या होत्या.

“दादा, पाऊस हाय का तिकडं?”

“भुरभुर हाय नुसती.” मागे पत्र्यावर पाऊस वाजत होता, तो बजाबाईंना फोनमधून ऐकू येत होता.

“हितं लई सांगाय लागल्यात. टीव्हीवर. पूल बंद करतील म्हणं.”

“मग तू सांग. तू नको म्हणलीस तर न्हाय येत.”

दानम्मा हातानेच नको नको करत होत्या. “ब्याड, अक्का, ब्याड म्हण,” त्या पुटपुटल्या. ब्याड म्हणजे नको.

“रेनकोट घालून ये,” बजाबाई म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर दानम्मा कन्नडमध्ये बरंच काही बोलल्या आणि उठून गेल्या. बजाबाईंना कन्नड कळतं. त्या म्हणतात, दानम्माचं बरोबर होतं. त्या वेळी तोंडातून ‘नको’ येत होतं आणि मागे फिरत होतं. रेनकोटचं वाक्य कुठून आलं ते त्यांनाही सांगता येत नाही.

सकाळी उजाडलं तेव्हा पावसाने रस्त्यावरचे खड्डेही दिसेनासे झाले होते. गल्लीतून शाळेची एकही रिक्षा गेली नाही. बजाबाईंनी आदिनाथला फोन केला. आदल्या संध्याकाळी जे बोलायला जमलं नव्हतं ते त्याच्यामार्फत सांगावं, असा त्यांचा विचार होता.

“आत्या, आबा निघाले की. अंधारातच निघाले. मी फोनवर म्हणलो थांबा, तर म्हणाले, थांबलो तर ती फोन करून नको म्हणंल.”

त्यानंतरचा वेळ बजाबाईंनी दारात काढला. सिद्राम दोनदा छत्री घेऊन कोपऱ्यापर्यंत जाऊन आला. कोपऱ्यावरून तिऱ्हे दिसत नाही. फोन आला तेव्हा तो आतच होता.

“बजे, तिऱ्ह्याला आलोय,” रामहरी म्हणाला. “पलीकडच्या अंगाला. हाटेलाच्या शेडमधी उभा हाय.”

“पूल?”

“पाणी लागलंय पुलाला. वर न्हाय आलं अजून. थोडं थोडं येतंय एका बाजूनं. पोलीस सोडत न्हायत. पण आत्ताच एक ट्रॅक्टर गेला त्यांची नजर चुकवून. मोटारसायकल काय, दोन मिनिटांत पल्याड. मग काय, तुजं घर. तू म्हण फक्त.”

तिऱ्ह्यापासून मजरेवाडी फार लांब नाही. अकरा वर्षांत भाऊ त्यांच्यासाठी निघून एवढ्या जवळ कधी आला नव्हता. सिद्राम आतून बाहेर आला, काही बोलणार होता, बजाबाईंनी हात वर करून त्याला थांबवलं.

“तू म्हण,” रामहरी पुन्हा म्हणाला.

“दादा, माघारी जा.”

बजाबाईंनी फोन तोंडाजवळ घेतला.

“माघारी जा म्हणले. येऊ नको. पुलावर पाय ठेवलास तर मी तुजी बहीण न्हाय.”

“बरं,” रामहरी म्हणाला आणि फोन बंद झाला.

“बरं केलंस,” सिद्राम म्हणाला.

“तुमी गप बसा.”

त्यांनी परात काढली आणि पीठ मळायला घेतलं. ऑर्डर कुणाची नव्हती. दानम्मा आल्या, काही न विचारता समोर बसल्या आणि थापू लागल्या. थापलेली एकही भाकरी त्या दिवशी कडक झाली नाही.

दुपारी आदिनाथचा फोन आला. आबा घरी पोचले नव्हते. फोन लागत नव्हता. भीमाही चढत होती. बेगमपूरचा पूल बंद होण्याआधी रामहरी तिथे पोचला की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. बजाबाईंच्या डोक्यात दोनच गोष्टी येत होत्या, आणि दोन्ही त्यांच्याच शब्दांमुळे झालेल्या होत्या. ‘रेनकोट घालून ये’ म्हटलं म्हणून तो निघाला. ‘माघारी जा’ म्हटलं म्हणून तो आता कुठे होता ते कळत नव्हतं. ऐकलंच नसलं आणि पुलावर गाडी घातली असली तर, हेही मनात येऊन गेलं. ते त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही. सिद्रामला ते कळलं असावं. तो उठून तिऱ्ह्याच्या बाजूला कुणी वाहून गेल्याची बातमी आहे का, हे कोपऱ्यावरच्या पानटपरीत विचारून आला. नव्हती.

दिवेलागणीला एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

“कामतीत हाय,” रामहरी म्हणाला. “वळखीच्या माणसाकडं. माजा फोन भिजला.”

कामती दोन नद्यांच्या मधे आहे.

“भीमेचा पूल बंद झाला व्हय?”

“मी आलो तवा चालू हुता.”

“मग घरी का न्हाय गेलास?”

“मुराळी मोकळ्या हातानं माघारी जातो व्हय? पूल उघडला की येतो. तू पिशवी सोडू नको.”

बजाबाईंनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. मग सिद्रामकडे दिला. का दिला, हे दोघांपैकी कुणी सांगत नाही. सिद्रामने घसा खाकरला.

“पाव्हणं, जेवलात का?”

“जेवलो, दाजी.”

सिद्रामने फोन परत केला आणि बायकोला सांगितलं, “कामतीत सोय झ्याक हाय म्हणतोय.” रामहरी एवढं बोललाच नव्हता.

रात्रीतून सीनेचं पाणी पुलावर आलं. ट्रॅक्टर गेला होता ती जागा दुसऱ्या दिवशी दिसत नव्हती. घट बसले. बजाबाईंनी मजरेवाडीतच घटाला माती आणली, धान्य पेरलं. रामहरी कामतीत परक्याच्या घरी, परक्याचे कपडे घालून बसला होता. रोज सकाळी तो तिऱ्ह्याकडून येणाऱ्या कुणाकडे तरी पुलाची चौकशी करायचा आणि बहिणीला कळवायचा. पाणी अजून हाय. आज पण हाय. त्या दिवसांत भाऊ-बहीण जेवढं बोलले तेवढं अकरा वर्षांत बोलले नव्हते. आईच्या हातची वांग्याची भाजी, मेलेला बैल, कुणाची कुठली सून. दोघांमध्ये एक नदी होती आणि ती ओसरायची दोघंही वाट बघत होते, म्हणून बोलणं सोपं होतं, असं सिद्रामचं मत आहे.

बागेत पाणी साचल्याचा निरोप आला तेव्हा रामहरीला थांबता येईना. भीमेचा रस्ता आधी मोकळा झाला. आदिनाथ टेंभुर्णीहून घरी गेला आणि तिकडून कामतीला येऊन बापाला घेऊन गेला. निघताना रामहरीने फोन केला. आवाज पडलेला होता.

“जमलं न्हाय बघ, बजे.”

“ऱ्हाऊ दे की. पाणी उतरलं की मी येते एसटीनं. मी काय लहान हाय? आपल्या पायानं येते.”

हे वाक्य बोलताना बजाबाईंनी सिद्रामकडे बघितलं. सिद्रामने मान डोलावली.

“अजिबात न्हाय,” रामहरी ओरडला. “एसटीनं आलीस तर फाट्यावरनं माघारी धाडीन. दिवाळीला मी येतो. मी आल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाय.”

“म्हंजे आता तूच अडीवतो व्हय?”

“व्हय. मीच.”

बजाबाई हसत हसत परातीजवळ येऊन बसल्या. दानम्मांनी विचारलं, काय झालं. “येऊ नको म्हणतोय,” त्या म्हणाल्या.

तिऱ्ह्याचा पूल आता सुरू आहे. पाऊस गेला आहे, ऊन कडक पडतं आणि भाकरी चांगली होते. मजरेवाडीहून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला सांगोल्याच्या पलीकडे पोचता येतं. एसटी आहे, रस्ता मोकळा आहे, कुठलाही इशारा नाही. बजाबाईंना हे सगळं माहीत आहे. तीन लुगडी पिशवीतच आहेत, आणि दिवाळी अजून यायची आहे.