सहा टाचण्या

शिवणाच्या दुकानात तिला सगळे मास्तरीण म्हणत. जन्मतः वरचा ओठ दुभंगलेला. तान्ही असतानाच डॉक्टरांनी शिवला. वयाबरोबर व्रण आखडला आणि मधोमध खाच राहिली. त्या खाचेचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. पण गेल्या वर्षी कोटाचं फिटिंग करताना ओठांत धरलेली टाचणी खाचेतून निसटली ती थेट एका बड्या गिऱ्हाइकाच्या कॉलरमध्ये. साहेब त्याच शर्टात भाषणाला गेले आणि म्हणे, फार तळमळीने बोलले.

दुसऱ्याच दिवशी मालकाने तिला आरशासमोरून उठवलं आणि गुंड्या लावायला बसवलं. वीस वर्षं माणसांच्या अंगावर कोट बेतणारी बाई, आणि पुढ्यात गुंड्यांचा डबा! तिने सरळ सर्जनची वेळ घेतली.

घरात बातमी फुटली.

"सेहेचाळिसाव्या वर्षी कोणाला दाखवायचंय गं तोंड?" जाऊबाईंनी विचारलं.

"गिऱ्हाइकाला."

"अगं बाई!" जाऊबाईंनी तोंडावर हात नेला, तो काढल्यावर दुपारपर्यंत सगळ्या नात्यात फोन झाले. बायकोच्या ओठाला खाच नेमकी कुठे, हेही नवऱ्याला सांगता आलं नसतं. पण संध्याकाळी तो केसांना कलप लावून आला.

सर्जनच्या भिंतीवर हसऱ्या बायकांचे फोटो होते.

"यातलं कुठलं हसू हवंय?"

"हसू आहे माझ्याकडे. ओठांत टाचण्या राहिल्या पाहिजेत. सहा."

डॉक्टरांनी फॉर्म चाळला. उच्चार, खाणंपिणं, सौंदर्य असे रकाने होते, टाचण्यांचा नव्हता. त्यांनी सौंदर्यावर खूण केली. मग समजावलं, जुना व्रण उसवायचा, आतला स्नायू जुळवायचा, ओठाची लाल कड एका रेषेत आणायची.

"म्हणजे तेव्हा अस्तर न जुळवता वरूनच टीप मारली होती."

"त्या काळी तसंच करत," डॉक्टर जरा दुखावूनच म्हणाले.

टेबलावर आडवं होताना तिने देवाचं नाव घेतलं. घोळ नको म्हणून त्यालाही आकडा सांगून ठेवला.

सूज पुरती उतरायला काही महिने गेले. ती दुकानात आली तसा मालक खुलला.

"या, या! आरसा तुमचाच. आणि हे घ्या." मनगटाला बांधायची टाचण्यांची उशी होती. "सगळ्यांना आणल्यात. तोंडात टाचणी आजपासून बंद. आरोग्य म्हणून काही आहे की नाही? किती सोपं होतं, नाही? आधीच सुचायला हवं होतं."

"हो ना," ती म्हणाली आणि उशी बांधून घेतली.

मालक चहाला गेला. तिने गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं केलं, उशीतून सहा टाचण्या काढल्या आणि एकेक करून ओठांत धरल्या. एकही हलली नाही.

"बाही जरा लांब वाटते का हो?" गिऱ्हाइकाने विचारलं.

मानेनेच हो म्हणत तिने दोन्ही हात बाहीला लावले.